मनगटाचा नेम

प्रिय संगमेश्वर,

फोनवर तू माझं बोलणं पुरं होऊ देत न्हाईस, म्हणून लिहून घेतेय. कागदाला ‘बरं आजी, ठेवतो’ म्हणता येत न्हाई. दर वेळी शेजारचा प्रीतम माझी पत्रं लिहितो. आज लिहिणारं माणूस निराळं आहे. लई सावकाश लिहितं, मध्येच हात झटकतं. तेव्हा तूही दमानं वाच.

अहमदपूरच्या बसस्टँडपाशी तुझ्या बहिणीची, वर्षाराणीची स्कूटी घसरली, तिच्या उजव्या हाताचं प्लास्टरही निघालं, पण मनगट लाकडासारखंच राहिलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर पोरगी हात ओढणीत लपवून बसायची. त्यात तू हैदराबादहून तुझा जुना गेम पाठवलास, तो टांगलेली मडकी धनुष्यबाणानं फोडायचा. वर फोन करून अक्कलही शिकवलीस, की नेम धरायचा तो हातातल्या कंट्रोलरवरची दांडी अंगठ्यानं फिरवूनच. अख्खा कंट्रोलर हलवून नेम धरणं हे लेकराबाळांचं काम. अरे शहाण्या, तिचा अंगठा ती दांडी रेटायलाच तयार नव्हता! मग तिनं कंट्रोलर वळवला की नेम वळेल, अशी सेटिंग चालू केली.

पहिल्या दिवशीची गंमत काय सांगू. नेम फिरायचा वेग तुझ्या हिशोबानं ठेवलेला. तिनं हात जरा हलवला की बाण मडकं सोडून आभाळात. मी म्हटलं, हा तुझ्या दादासारखाच, बोलवावं एकीकडं तर जातो भलतीकडं. तिनं वेग कमी केला. मग मनगट अडेल तिथं नेमही अडायला लागला. तेव्हा तिनं डाव्या हाताच्या बोटाखालचं एक बटण त्या कामाला लावलं. ते दाबलं की नेम जागीच थांबतो. हात मागं आणायचा, बटण सोडायचं, पुन्हा वळवायचं. मी शेजारी महादेवाच्या वाती वळत बसले होते. म्हटलं, अगं, हे तर माझंच काम! तळहात पुढं सरकवला, उचलला, मागं आणला, पुन्हा पुढं. लई हसली. पडल्यापासून पहिल्यांदा.

माझा हात थरथरतो म्हणून माझ्यासाठी तिनं वेगळी सेटिंग केली. बारीक थरथर कंट्रोलरनं मनावरच घ्यायची न्हाई. तुझी आई बारीकसारीक सगळंच मनावर घेते, तिलाही असं काही बसवता आलं तर बघ बाबा. मीही मडकी फोडली, तुला खोटं वाटेल.

पण खरी गोष्ट मला उशिरा उमगली. सराव झाला की लोक वेग वाढवतात, असं प्रीतम म्हणाला. ही मात्र कमीच करत चालली होती. विचारलं तर म्हणाली, आजी, वेग कमी असला की तेवढाच नेम न्यायला हात जास्त वळवावा लागतो. मला वाटत होतं पोरगी खेळतेय; ती डॉक्टरांचा व्यायाम करत होती, रोज स्वतःच थोडा अवघड करून. ऊर भरून आला रे. तिनं गेममध्ये प्रीतमला हरवलं तेव्हासुद्धा एवढा भरला नव्हता.

आता मुद्द्याचं. तू आणि तुझ्या अप्पांनी मिळून तिच्या बारावीच्या पेपरांना लेखनिक मागायचं ठरवलंत. तिला विचारलंत? ती माझ्या मांडीवर येऊन रडली. म्हणून आज प्रीतमला बोलावलंच न्हाई. हे पत्र तुझी बहीण लिहितेय, उजव्या हातानं, पहिल्या ओळीपासून. स्वतःचं कौतुक आलं की पेन खाली ठेवायची. मी म्हटलं, गुमान लिही, आजी सांगते ते. ओळी वाकड्या असतील, मला त्यातलं काय कळतंय? पण कागद भरलेला मला दिसतोय. तेव्हा तो अर्ज राहू दे. या घरात लेखनिक लागतो तो तुझ्या आजीला, आणि तिला चांगला मिळालाय.

खाली अंगठा तेवढा माझा. बाकी सगळं तिच्या हातचं.

तुझीच,
शांतम्मा आजी