तू भरलेले डबे

बाबा, आई आता माझ्याकडे काल्हेरला राहते. खारबावच्या घराला कुलूप आहे. तिला हल्ली फारसं आठवत नाही, कधी कधी ती मला तिची बहीण समजते. पण मी ड्युटीवरून आले की दारातच विचारते, "अंघोळ करून आलीस ना?" मी हो म्हणते. तरी ती माझ्या हातून पाण्याचा पेला घेत नाही. मी तो टेबलावर ठेवून बाजूला होते, मग ती उचलते. तुझ्याशीही ती असंच वागायची. ते तुझ्या कधी लक्षात आलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

हे जिथून सुरू झालं ती संक्रांत मला आठवते. चुलीवर गुळाचा पाक उकळतोय, आई त्यात दाणे टाकतेय, आणि मी तुला विचारतेय, अणुभट्टीचा कचरा म्हणजे नक्की काय रे, तुझ्या कामावरून शाळेत मुली मला चिडवतात. तू कढईकडे बोट दाखवतोस. "हा पाक थंड झाला की दाणा सुटून निघतो का? तसंच हाय. जळालेल्या इंधनातून जे जहाल पाणी उरतं, ते आम्ही वितळलेल्या काचेत मिसळतो, पोलादी डब्यात ओततो आणि वरून झाकण वेल्डिंग करतो. मग ते पाण्यात विरघळत न्हाय, वाऱ्यावर उडत न्हाय."

"आणि त्या डब्यांचं काय करता?"

"सध्या निवू द्यायचे. पुढं कुठंतरी खोल खडकात पुरतील. हजारो वर्षं."

कोण पुरणार, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी आईने चिक्कीचं ताट शेजारच्या काकूकडे पाठवलं. काकूने हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी आई शेण टाकायला गेली, तर सगळी चिक्की उकिरड्यावर, मुंग्या लागलेली.  त्या दिवसापासून तुझे कपडे वेगळ्या बादलीत पडू लागले. तू एकदाच तिला म्हणालास, "अगं, कामाचे कपडे तिथंच राहतात. हे घरचे हायेत." ती म्हणाली, "माहीत हाय मला." बादली वेगळीच राहिली.

तुला रक्ताचा आजार निघाला तेव्हा गावाला आणखी काही सांगायची गरजच उरली नाही. डॉक्टर म्हणाले, हा कुणालाही होतो. छातीवरच्या, किरणं मोजणाऱ्या बिल्ल्याची नोंद कधी मर्यादेबाहेर गेलेली नाही, कामाशी संबंध जोडता येत नाही. जोडता येत नाही तसा तोडताही येत नाही, हे मला फार उशिरा समजलं. तू स्वतः कधी शंका बोलून दाखवली नाहीस. फक्त शेवटी शेवटी मी तेल लावायला बसले की पाय हळूच ओढून घ्यायचास.

तू गेलास त्या दुपारी अंगणात माणसं जमली, पण ओट्यावर कुणी चढेना. तुझा सख्खा भाऊ म्हणाला, "आधी किरणांचं मशीन लावून बघा, मगच उचलू." तुझ्याबरोबर काम करणारे चौघे आले होते. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने चपला काढल्या. "मशीन आणलं नाय आम्ही. लागत नाय," एवढंच बोलून त्याने तुला अंघोळ घालायला पाणी मागितलं. ते मी दिलं. खांदाही त्या चौघांनीच दिला. अग्नी काकाने दिला, हात लांब करून. चिता पेटली, वारा फिरला, तशी सगळी माणसं धुराच्या दुसऱ्या बाजूला सरकली. आम्ही पाच जणं होतो तिथेच उभे राहिलो.

मग तुझ्या जागी मला नोकरी मिळाली. आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "एकाला खाल्लं, आता तू जा," म्हणाली. मी गेले. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं हे खरं, पण लोक ज्याला एवढं भितात ते मला बघायचंही होतं. लग्नाची दोन स्थळं आली, नोकरी कुठे ते ऐकून परत गेली. पुढे मीही तो विषय काढला नाही.

आता मी साठवणीच्या तळघराचं तापमान बघते. तू भरलेले डबे जाड काँक्रीटखाली ओळीने उभे आहेत. खालून गार हवा शिरते, त्यांना लागून तापते आणि उंच धुराड्यातून निघून जाते. तो खोल खडक अजून ठरलेला नाही. कुठल्याही गावाला विचारलं तर ते नकोच म्हणणार, आणि मला त्यांचा राग येत नाही. मी निवृत्त होईन तेव्हा डबे इथेच असतील. मग दुसरं कुणी येऊन बघेल, त्याच्यानंतर आणखी कुणी. त्यांना तुझं नाव माहीत असायचं काही कारण नाही.

बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान वर्षागणिक थोडं थोडं उतरतंय. ते उतरायलाच हवं. उतरलं म्हणजे आतला जहालपणा कमी झाला. साहेब आकडा बघून समाधानाने मान हलवतात, मीही हलवते. हे पाठवायला पत्ता नाही, तरी तुला लिहिते. आकडा खाली आला की त्या दिवशी मला जेवण जात नाही. तुझ्या हातचं, अजून ऊब असलेलं, जगात तेवढंच उरलंय.