सबवूफर आता यादीत नाही

मी, ह्या घराची मालकीण, धंद्याने शिवणकाम करणारी, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करते. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डोकं नाही. म्हणून मी सांगते आहे आणि टायपिस्ट उतरवून घेतो आहे. "बाई, एवढं सगळं मृत्युपत्रात लिहीत नाहीत," असं तो मघाशी म्हणाला. मी त्याला लिहायला सांगितलं आहे. ह्याआधीच्या मृत्युपत्रात मी सगळं मुलाला दिलं होतं. ते रद्द समजावं.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचं हे राहतं घर माझ्या मशीनवरच्या कमाईतून घेतलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते संपूर्णपणे माझ्या सुनेचं. विकावं, भाड्याने द्यावं, नाहीतर नुसतं कुलूप लावून ठेवावं, तिची मर्जी. नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर मात्र तिने सही करू नये, मग तो रडत का आलेला असेना. माझा नवरासुद्धा रडायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी.

कलम २. शिलाई मशीन, इस्त्री आणि सगळ्या कात्र्या सुनेलाच. मोठी कात्री नुकतीच धार लावून आणली आहे.

कलम ३. पुढच्या खोलीतली म्युझिक सिस्टीम, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर, खालच्या मजल्यावरच्या वेल्डरना द्यावी. ह्याचं कारण सांगणं भाग आहे.

सिस्टीम माझ्या नवऱ्याने हौसेने घेतली होती. सबवूफर जरा नंतर आला. स्पीकर ॲम्प्लिफायरच्या जिवावर वाजतात. ह्या सबवूफरच्या पोटात मात्र स्वतःचाच ॲम्प्लिफायर होता, त्याला भिंतीतली वेगळी वीज लागायची, आणि मोठ्या ॲम्प्लिफायरकडून फक्त एक वायर यायची. तो वाजला की जमीन हलायची, मांडणीतली भांडी थरथरायची. नवरा आधी आवाज वाढवायचा, मग दार लावायचा, मग पट्टा काढायचा. खालून वेल्डर छताला दांडा आपटायचे, आवाज कमी करा म्हणून. मी ओरडत असायचे, आणि ह्या माणसाला त्रास कसला, तर गाण्याचा! तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटले तर मी तोंड फिरवायचे. नवरा गेल्यावर सिस्टीमवर चादर टाकली, पण तो राग तसाच राहिला.

मागच्या महिन्यात मुलगा सकाळीच आला, सुनेला घेऊन. म्हणाला, "आई, तुला काय करायचीय ही? मी नेतो. आमच्याकडे भिंती फार पातळ आहेत." तो ह्याच घरात वाढला. पातळ भिंतींना सबवूफर कशाला लागतो, ते मला कळलं. सुनेने ओढणी गळ्याभोवती गुंडाळली होती, तीही तेव्हाच नीट दिसली.

नेण्याआधी वाजवून बघायचं होतं. जोडायला त्याने सुनेला सांगितलं. तिने वायर भलत्याच भोकात घातली. स्पीकर वाजले, सबवूफर मुका.

"अक्कल गहाण टाकलीस का?" म्हणून त्याने तिच्या कानाखाली वाजवली.

"हात लावायचा नाही तिला," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस, आई." त्याने वायर स्वतः नीट लावली, बटण शेवटपर्यंत फिरवलं, तिची वेणी धरली आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. दाराला रक्त लागलं. तिचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि हाताच्या अंतरावर उभी असून मला तिचा आवाज ऐकू येत नव्हता.

मार खाताना आपला आवाज आपल्याला ऐकू येतो. म्हणून मी समजत होते, खालीही जात असेल.

मी सबवूफरची पिन भिंतीतून उपटली. स्पीकर चालूच होते. मग ॲम्प्लिफायरची उपटली. आणि तिची किंकाळी अख्ख्या इमारतीत गेली. मुलाने तिला सोडलं, माझं मनगट धरून पिरगळलं, हाड मोडलं तरी पिरगळत राहिला. तेवढ्यात दार फुटलं. वेल्डर हातोडा घेऊन आत आले आणि त्यांनी तो त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. माझंच लेकरू ते. पण दुसरा घाव पडत होता तेव्हाही मी "थांबा" म्हणाले नाही.

वेल्डर माझ्याजवळ बसले. "वहिनी, मला वाटायचं तुम्हा लोकांना गाण्याची हौस आहे," ते म्हणाले. "एकदा तरी हाक मारायची होतीत."

त्यांच्याबद्दलचा माझा सगळा राग मी इथे, साक्षीदारांसमोर, मागे घेते.

सबवूफर कोणालाच मिळणार नाही. सुनेने वेल्डरांच्या हातातला हातोडा घेतला आणि कपाळावरून रक्त गळत असताना सबवूफर फोडला. लाकडाच्या ढलप्या उडाल्या, चुंबक बाहेर आला, तरी मारत राहिली. कोणी अडवलं नाही. थकली तेव्हा भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आई, मी परत नाही जाणार."

"जायचं नाहीच आहे," मी म्हणाले. तेव्हापासून ती इथेच आहे.

कलम ४. माझ्या मुलाला काहीही नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही. म्हातारीचं डोकं फिरलं होतं असं त्याने कोर्टात म्हटलं, तर डॉक्टरांची सही खाली आहे.

कलम ५. मी गेल्यावर मुलाला कळवावं. त्याला माझं तोंड बघू द्यावं, रडायचं असेल तर रडू द्यावं. मात्र घरात कितीही माणसं असोत, सुनेला त्याच्याबरोबर एका खोलीत एकटं सोडू नये, आणि त्याला दार लावू देऊ नये.

मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.

मृत्युपत्र करणारीचा डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे वेल्डर (सही)
साक्षीदार २: माझा मोडलेला हात जोडणारे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ डिसेंबर २०१८