पडद्यावरचे ठिपके आणि खैराची काठी

आबा, तुमची पणती, म्हणजे माझी नात, हे लिहून घेतेय आणि मी सांगतेय. अक्षरांशी माझी ओळख अजूनही नाही, त्यामुळे मधलं काही गाळलं असेल तर ते पाप तिचं. पण आज तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पोर जिंकली, आबा, आणि थोडीशी मीसुद्धा.

ती इथे जळगावला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. धुळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही ज्या तेलाच्या पेटीला खैराची काठी टेकवून दुसरं टोक कानाला लावायचात, तीच पेटी. काठीच्या जागी आता पडद्याचं यंत्र आलंय. गुंडाळीभोवतीच्या कागदात कुठे पोकळी राहिली की विजेच्या दाबाखाली तिथे मुंगीएवढी ठिणगी पडते. बाहेरून काही दिसत नाही, यंत्राच्या पडद्यावर फक्त ठिपका उमटतो, पण ती कागद खात खात एक दिवस सगळंच जाळते. मी म्हटलं, म्हणजे माझ्या सासूचं बोलणं. पोर हसली नाही. तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

एकटीने तपासलेला तिचा पहिलाच ट्रान्सफॉर्मर, आणि पडदा ठिपक्यांनी भरलेला. कारखान्याचे नाना म्हणाले, खोला. खोलायचं म्हणजे तेल काढा, गुंडाळी उचला, आठ दिवस गेले; आणि आत काही निघालं नाही तर पुन्हा तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ताटातला घास ती नुसता फिरवत होती. मी विचारलं, ठिपके येतात कधी? म्हणाली, सकाळी यंत्र लावून पाहिलं तेव्हा पडदा कोरा होता, गर्दी झाली दहानंतर. दहाला तर माझा रेडिओ खरखरायला लागतो, आबा! सेलवरचा आहे, तरी शेजारच्या, पोरीच्या कारखान्यालाही लागून असलेल्या चटईच्या कारखान्यातलं नवं यंत्र सुरू झालं की बातम्या बुडतात. त्यांच्या सुट्टीला मात्र आवाज कसा स्वच्छ.

मी म्हटलं, "ट्रान्सफॉर्मर बोलतोय की शेजारी, ते तरी पाहिलंस का?"

पोर उष्ट्या हातानेच उठली. दुसऱ्या दिवशी दहानंतर तिने ट्रान्सफॉर्मरवर दाब चढवलाच नाही, नुसता पडदा पाहिला. ठिपके होतेच. शेजारच्या त्या यंत्रामुळे वीजच मळकी येत होती. मग चटईवाल्यांच्या सुट्टीला नानांना समोर उभं करून पूर्ण दाब दिला, आणि पडदा कोरा राहिला. नाना म्हणे, आजींचा रेडिओ इथेच ठेवून घेऊ. मी निरोप धाडला, रेडिओबरोबर आजीही येते, खुर्ची मांडून ठेवा. आता यंत्राच्या विजेला गाळणी बसवणार आहेत. पोर सांगते, मळकी वीज नुसती फसवत नाही. तिचे झटके रोज खाल्ले तर चांगल्या कागदातही खरी ठिणगी जागते.

तिच्या वाट्याला आलं नाही ते तुमच्या वाट्याला आलं होतं. मी सात-आठ वर्षांची, तुमची भाकर घेऊन जिनिंगमध्ये यायचे. तुमचे कान तिथल्या यंत्रांच्या घरघरीने गेलेले, म्हणून काठी माझ्या कानाला लावून विचारायचात, "काय आयकू येस?" मी रोज म्हणायचे, काही नाही. त्या दिवशी म्हटलं, चरचर. तुम्ही मालकांना सांगितलंत, ऐन हंगामात पेटी उघडली, आणि आत काहीच नव्हतं. कोणाच्या कानाने ऐकलंस, असं मालकांनी विचारलं. तुम्हाला तिथून काढून कापसाच्या गासड्या बांधायला लावलं. तेव्हा सगळ्यांसमोर माझ्या कानाची बाजू घेत तुम्ही एवढंच बोललात, "मनी पोरना कान खोटा नही शे."

तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही, मग हे पत्र टाकणार कुठे? रेडिओखाली ठेव म्हटलंय. एकच राहिलं. त्या दिवशी काठीतून काही ऐकू आलं नव्हतं, आबा. काही नाही म्हटलं की तुम्ही लगेच काठी काढून घ्यायचात. मला तुमच्याजवळ अजून थोडं बसायचं होतं.

पोरीने पेन थांबवलंय. विचारतेय, आजी, हेही लिहू?

लिही म्हटलं.