टोप नीट होईपर्यंत

गडचांदूर
गुरुवार, दि. २२ ऑगस्ट २०२४

प्रिय राजदीप,
सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी ते बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. ठेव, पण आजच्या आज उघड. परवा भाऊजींच्या फोनवरून तुला दोनदा लावला. पहिल्यांदा उचललास, माझा आवाज ऐकून कापलास. दुसऱ्यांदा उचललाच नाहीस. मी रागावलेले नाही. शेजारचे मिथुनभाऊ आज चाकणला कामावर परत निघालेत, त्यांच्या हाती हे देते आहे.

इकडे सगळे बरे. तुझे भाऊजीही बरे, गुडघा सोडून. पार्लर चाललंय. हल्ली नवऱ्या मुली विकतच्या केसांची लांब वेणी लावून हॉलवर मिरवतात आणि आठ दिवसांनी तिचा गुंता पिशवीत घालून माझ्याकडे आणतात. म्हणतात, ताई, याचं काय ते करा. मी विचारते, लावूनच झोपलीस ना? की मान खाली. मग तासभर बसून टोकाकडून सोडवत वर जावं लागतं. केसांचं मला कळतं, एवढं तू मान्य करशील. म्हणूनच पुढचं लिहायला लाज वाटते.

एप्रिलमध्ये तुला आईचा फोटो पाठवला होता. निळी साडी, मधोमध भांग, कपाळावर ती पांढरी बट. तू आईला फोनवर म्हणालास, केस आले म्हणजे सुटलीस तू. रडलासही म्हणे. मग पुढच्या महिन्यातली रजा रद्द करून ऑक्टोबरात दीक्षाभूमीलाच येतो म्हणालास. राजदीप, ते केस आईचेच होते, पण डोक्यावर आलेले नव्हते. तो टोप होता.

मागच्या नोव्हेंबरात इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी मीच तिचे केस कापले. गळून उशीवर पडण्यापेक्षा कापून ठेवलेले बरे, हा माझाच शहाणपणा. खुर्चीवर बसवलं, चार वेण्या घातल्या, प्रत्येकीला वर-खाली रबर लावलं, म्हणजे मुळं आणि टोकं एकमेकांत मिसळायला नकोत. कात्री लावली तेव्हा आई आरशात पाहत होती. झालं तेव्हा म्हणाली, चहा टाक.

वडशाला डोमाकाका म्हणून आहेत, झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे टोप करतात. त्यांच्याकडे वेण्या घेऊन गेले. बारीक जाळीवर आकड्यानं एकेक केस गाठ मारून बसवायला त्यांना तीन महिने लागले. पांढरी बट बरोबर कपाळावर बसवली. देताना मला तीन-तीनदा बजावलं, की धुताना चोळायचं नाही, ओला विंचरायचा नाही, आणि जाळीला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. तेल मुरलं की गाठ सरकते.

मी जिवापाड सांभाळला रे. आपल्या बोअरचं पाणी तुला माहीतच आहे, नुसतं वाळलं तरी भांड्यावर पांढरा थर. त्यात दोनदा धुतला तर केस ताठ झाले, मग पिण्याच्या कॅनचं पाणी वापरायला लागले. शाम्पू पाण्यात कालवायचा, टोप नुसता बुडवून ठेवायचा, टॉवेलात दाबून घ्यायचा आणि पाण्याच्या पितळी गुंडावर, तो उलटा ठेवून, सावलीत वाळवायचा. आई खाटेवरून बघत राहायची. शेजारीण आली की म्हणायची, थांब बाई, माहं डोकं वाळून राह्यलं. आम्ही दोघी हसायचो. तेवढे महिने खरंच बरे गेले.

मग धानोऱ्याची गुणामावशी भेटायला आली ती टोळीच्या तेलाची बाटली घेऊन. मोहाच्या बियांचं तेच तेल, जे आईनं जन्मभर लावलं आणि आपल्या दोघांच्या डोक्यावरही थापलं. शाळेत पोरं वासाला हसायची म्हणून तू वाटेतल्या नळावर डोकं धुऊन जायचास. मे महिन्यात टोपाला तोच वास आला. मी आईला विचारलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "माहेच केस होत. चाळीस वर्सं मीच पोसले. त्याहिले काय लागते हे मले मालूम आहे, तुह्या डोमाले काय मालूम?"

बाटली उचलून नेणं माझं काम होतं. मी रोज दहा बायकांना सांगते, लावलेल्या केसांच्या मुळाशी तेल नको. पण इंजेक्शनांनी तिची बोटं बधीर झाली होती. ब्लाउजचं बटण लागत नव्हतं, भाकर मोडत नव्हती. टोप मांडीवर घेऊन तेल जिरवायला बसली की तीच बोटं चालायची. मी पार्लरच्या दारातून बघायचे आणि आत निघून जायचे. माझी हिंमत झाली नाही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी टोप पाण्यात बुडवला. काढला तर केस पाण्यातच राहिले. सगळे नाही, पण टाळूवरचे मुठीनं, आणि पांढरी बट अख्खी. जाळी उघडी पडली. टब उचलून नेईपर्यंत आईनं पाहिलं होतं. "पुन्हा गेले का वं?" एवढंच म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बस पकडून वडशाला गेले. डोमाकाकांनी टोप नाकाशी धरला आणि बाजूला ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, जाळी नवीन घ्यावी लागते बाई, गाठी पहिल्यापासून माराव्या लागतील, आणि माझी नजर आता पहिल्यासारखी नाही. दिवाळीच्या आत होत नाही. मी हात जोडले. ते म्हणाले, हात जोडून गाठी लवकर नाही पडत. आईला मी सांगितलं, पंधरा दिवसांत देतो म्हणाले.

आता जे लिहायचं ते इतका वेळ टाळत आले.

बारा जुलैला नागपूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली. बरी झाली म्हणून नाही. आजार यकृतात गेलाय, पोटात पाणी भरतंय. घरी न्या म्हणाले, दुखू देणार नाही एवढंच आमच्या हातात. मी दिवाळीचं विचारलं तर कागद चाळत बसले. गेल्या सोमवारी पुन्हा नेलं तेव्हा म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

आणि इंजेक्शनं बंद झाली म्हणून आता तिचे केस खरेच यायला लागलेत. पेराएवढे, पांढरे, मऊ. सकाळी ती त्यांवरून हात फिरवते आणि मला विचारते, वडशाहून फोन आला का?

ती सगळं समजून आहे. नागपूरहून येताना गाडीतच तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, राजले सांगू नको. टोपाचे केस सुटल्यावर मी म्हटलं, आता तरी बोलावते. तर म्हणाली, "टोप नीट होईपर्यंत बलावू नको त्याले. बाप त त्याले पाह्यलेच भेटला नाई. मले पाहीन त केसात पाहीन." एप्रिलच्या फोटोच्या वेळीही तीच म्हणाली होती, लिही त्याले, केस आले म्हून. मी लिहिलं. तिच्यासाठी लिहिलं असं म्हणू शकले असते. पण तुझी रजा रद्द झाली तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं, हेही खरं. तू आलास की ती माझ्याकडे बघायचं विसरते.

बाबांचंही लिहून टाकते. ते दवाखान्यात गेले त्या दिवशी आई म्हणाली होती, राजले कळव. मीच म्हटलं, उगाच कशाला, उद्या सोडतील. तुला फोन केला तो सगळं संपल्यावर. तू तिसऱ्या दिवशी पोचलास आणि मी भरल्या अंगणात म्हणाले, पाहुणा आला, चहा द्या. तू बॅग खाली न ठेवता परतलास. लोकांना वाटलं तू उशीर केलास. तो उशीर माझा होता. तीन वर्षं मी तो तुझ्या नावावर राहू दिला.

आता टोप होणार नाही आणि आई थांबणार नाही. मला यातलं काहीच करता येत नाही. तिचं अंग पुसते, ओठ ओले करते, विचारलं की वडशाचं खोटं सांगते. तिला दिलेलं वचन मोडण्याएवढंच माझ्या हातात उरलंय, ते मोडते आहे.

पत्र वाचून झालं की निघ. ऑक्टोबरचं तिकीट राहू दे. ती फार लहान झाली आहे, दारातून एकदम पाहून दचकू नकोस. तुला पाहून ती पदर डोक्यावर ओढेल, चिडेल, कदाचित तोंड फिरवेल. तू खाटेजवळ बस. विचारेल, कोणी बलावलं तुले? सुट्टी मिळाली वगैरे सांगू नकोस, तिला तुझं खोटं लगेच कळतं.

माझं नाव सांग.

तुझी ताई,
मयुरी