क्वीलनच्या नावापुढची खूण

आयोवा, रविवार, २२ नोव्हेंबर १९०८

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. आमच्या फुटबॉल संघानं आतापर्यंतचे सगळे सामने जिंकले हे खरं. पण संघातला क्वीलन आमच्या कॉलेजात शिकतो, हे खरं नाही. तो दगडाच्या खाणीत कामाला आहे आणि फक्त शनिवारी खेळायला येतो. काल स्टेशनवर त्यानंच सहज सांगितलं.

सकाळच्या प्रार्थनेची हजेरी मी घेते. प्रार्थना चुकवणाऱ्याला संघात घेत नाहीत. कप्तान थर्स्टन म्हणाला होता, क्वीलनचा गुडघा दुखावलाय, त्याला प्रार्थनेला येता येत नाही. म्हणून त्याच्या रिकाम्या जागेपुढे मी आठ आठवडे हजेरीची खूण केली. दुखरा गुडघा शनिवारी कसा धावतो, हे विचारायचं मला सुचलं नाही!

आज चर्चबाहेर थर्स्टनला जाब विचारला, तर तो हसला. "हल्डाबाई, देव काय तुझी वही तपासतो? गुरुवारचा शेवटचा सामना होऊ दे. आत्ता तोंड उघडलंस, तर अख्खं गाव तुझ्या नावानं खडे फोडेल."

हजेरीच्या या कामावरच माझी फी माफ आहे. कदाचित ते जाईल. आईला एवढ्यात सांगू नका. तिचा खोकला कसा आहे? गाय व्यायली का?

मी नीट जेवते, कोट उबदार आहे. पण त्या खुणा माझ्या हातच्या आहेत, बाबा. तुमच्या उत्तरासाठी थांबता येणार नाही. प्राध्यापकांच्या बैठकीत वही घेऊन मी स्वतः जाणार आहे, परवा, मंगळवारी, चोवीस तारखेला.

तुमची लेक,
हल्डा