‘आईचा फोन’: कविता सातवी

३ जानेवारी
संग्रह याच वर्षी. ठरलं म्हणजे ठरलं. विषय: परक्या मुलखातली बाई आणि तिची ओळख. मायदेशातून प्रकाशकांचा मेल आलाय, मार्चअखेर चाळीस कविता पाठवा, वाचून कळवतो. म्हणजे छापल्यातच जमा. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वा, आणि कचऱ्याची गाडी उद्या की परवा? अशा घरात कविता होते हेच नवल.

४ जानेवारी, सकाळी
रोज पहाटे उठून एक कविता. उद्यापासून. आज अंगात कसकस आहे.

२१ जानेवारी
दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन. तारखा द्यायच्या, बदलायच्या, ‘अजिबात दुखणार नाही’ असं गोड आवाजात सांगायचं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या चार अक्षरी नावाचं एक अक्षर केलंय; तेवढंच त्यांच्या जिभेला झेपतं. यावर कविता हवीच. शीर्षक: ‘एकाक्षरी’. झक्कास जमलंय. कविता सुचली की खाली लिहीन.

२ फेब्रुवारी, रविवार
‘आईचा फोन’ ही सातवी कविता ऐन रंगात आली होती. दूरदेशी फोन वाजतो आणि लेकीचा जीव कासावीस होतो, असा आशय. तेवढ्यात आईचा फोन. उचलला असता तर तंद्री मोडली असती. माझी लेक आतून ओरडली, आजीचा फोन वाजतोय. म्हटलं, त्यावरच तर काम चाललंय.

९ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा तेच. नेमकं सुचायच्या वेळी फोन. आणि बोलणार काय, तर गुडघा, डोळ्यांत घालायचे थेंब, शेजाऱ्यांचं कुत्रं. वहिनीच्या मोबाइलवर मेसेज टाकला, आईला सांग, संग्रहाच्या गडबडीत आहे, मार्चनंतर मीच रविवारी फोन करीन, निवांत बोलू. कवितेत मात्र एक ओळ वाढली: ‘तुझ्या हाकेला ओ देते मी, समुद्रापलीकडून.’ लिहिताना माझेच डोळे भरून आले.

२३ फेब्रुवारी, रविवार
आईचा फोन नाही. छान शांतता.
एक ओळ सुचेल तर शपथ. फार थकायला होतं हल्ली. इस्त्री केली.

११ मार्च
लेकीला सातवी कविता वाचून दाखवली. कासावीस म्हणजे काय, ते खातात का, असं तिने विचारलं. मग म्हणाली, मम्मा, तू हे दवाखान्यातल्या आवाजात का वाचतेस? या पिढीला कवितावाचनातलं काही कळत नाही.

२८ मार्च
शीर्षकं भरपूर. त्यांखाली कविता थोड्या कमी. प्रयोग म्हणून खपून जाईल. अडलंय ते संग्रहाच्या नावावर. ‘मुळं’, ‘परकी’, ‘उंबरठा’... सगळी कुणीतरी आधीच पळवलेली. परवा आईला स्वतः फोन करायचा, सातवी कविता ऐकवायची. ती रडणार. त्यातून शेवटचं कडवं नक्की निघेल.

३० मार्च, रविवार
वहिनीचा मोबाइल लागेना, म्हणून माहेरच्या जुन्या लँडलाइनवर केला. आईनेच उचलला. कोण, असं तिने विचारलं. सवयीने तोंडातून तो दवाखान्यातलाच आवाज निघाला. म्हटलं, मी.
ती म्हणाली, मी कोण?
इतक्या वर्षांत आईसमोर नाव सांगायची वेळ आली नव्हती. पुन्हा म्हटलं, मी गं. तर म्हणाली, बँकेच्या ना तुम्ही? मराठी छान बोलता हो. पण आम्हाला काही नको. आता ठेवा, रविवार आहे, माझ्या लेकीचा फोन येईल.
आणि ठेवला.
संग्रहाला नाव मिळालं. ‘मी कोण?’ आजवर कुणी वापरलंय की नाही, ते बघायचंही सुचलं नाही. वहीवर लिहिलं आणि नुसती रडत बसले.
जन्मात पहिल्यांदा आईने मला अहोजाहो केलं.