रुमालाखाली एकच हात

बंगळूर, २८ डिसेंबर २०००

तीर्थरूप बाबांना स्नेहलचा नमस्कार.

मी बरी आहे. खोली चांगली आहे, जेवण ठीक. आईच्या गुडघ्याबद्दल गेल्या दोन पत्रांत तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारते.

म्हशाच्या जत्रेत यंदाची सामाईक बैलजोडी विकणार असं कळलं. गेल्या वर्षी एका दलाल हेड्याने रुमालाखाली तुमची बोटं दाबून भाव केला, त्याच्या जोडीदाराने महिपतकाकांची. "भाऊ हो बोलला, तूच कशाला अडतोस?" असं दोघांनाही सांगितलं. त्यांना तुमचे दोन्ही भाव ठाऊक होते, तुम्हाला एकमेकांचा नव्हता. जोडी स्वस्तात गेली आणि तुम्ही दोघं बोलेनासे झालात. मी इथे अर्थशास्त्रात हेच शिकते: सौद्यातले दोन पक्ष, आणि त्यांत कुणाला काय ठाऊक आहे. या हिशेबात काका लबाड ठरत नाहीत, तुम्हीही नाही.

यंदा रुमालाखाली फक्त काकांचा हात असू द्या. शेवटचा भाव त्यांनीच ठरवावा आणि तुम्हालाही सांगू नये. राग मानू नका. "दादा, तुझ्या तोंडाव भाव लिवलेला असतो," असं ते पूर्वी हसून म्हणायचे, आणि ते खरं आहे. जे तुम्हाला ठाऊकच नाही, ते हेड्यांना तुमच्या चेहऱ्यावर सापडणार नाही.

काकांना मी वेगळं पत्र लिहिलेलं नाही. तसं केलं तर पुन्हा दोघांना दोन गोष्टी ठाऊक होतील. हेच पत्र त्यांच्या ओटीवर बसून तुम्ही त्यांना वाचून दाखवा.

तुमची
स्नेहल